यंत्राला झालेली कावीळ

"सरकारी पैसा उधळायला तुम्हाला आमचंच घर सापडलं का गं?"

शिवन्या पहिल्यांदा प्रयोगशाळेचं निळं जॅकेट घालून दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला असंच म्हणाले. भाची आहे माझी, नणंदेची मुलगी, लाडाची. पण मी तोंडाची फटकळ, हे मोरणा खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पाटणला माझं मेडिकल दुकान आहे. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर लावायचं आणि वर गिऱ्हाइकाला फुकट सल्ला द्यायचा, म्हटल्यावर माणूस गोड राहील कसा?

आणि घरी काय, तर आमच्या आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, शालनताई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या काविळीचं औषध देतात. दर रविवारी, सूर्य वर यायच्या आत. रोग्यानं उपाशीपोटी स्वतः यायचं, अंगणात पूर्वेकडं तोंड करून बसायचं आणि आत्यांनी वाटलेला पाला गाईच्या दुधातून प्यायचा. पैसा घ्यायचा नाही. आलेल्याला नाही म्हणायचं नाही. औषध दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचं नाही. आणि पाल्याचं नाव तर मुळीच काढायचं नाही, कारण नाव तोंडातून गेलं की गुण गेला. सासूनं फक्त सुनेला झाड दाखवायचं, तेही मुक्यानं. म्हणजे पुढचा नंबर माझा. आता मी बी. फार्म. झालेली बाई, दिवसभर गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख तपासणारी, मी काय पहाटे उठून मूग गिळून पाला तोडायला जाणार?

"मी नाही शिकणार," हे मी लग्न झालं त्याच वर्षी सांगून टाकलं होतं. तेव्हा आत्या खळखळून हसल्या होत्या. पुढं वनिता गेली आणि ते हसणं बंदच झालं.

वनिता माझी नणंद, शिवन्याची आई. शिवन्या तीन वर्षांची असताना तिला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि त्यातच कावीळ झाली. माहेरी आली, तशी रविवारी आत्यांनी तिला आपल्या हातानं औषध पाजलं. पुढं सासरी गेल्यावर दुखणं वाढलं आणि कराडच्या एका दवाखान्यात ती गेली, पोटातल्या बाळासकट. तिथल्या डॉक्टरनं बाहेर येऊन एवढंच विचारलं, "काही पालाबिला पाजला होता का?" तिचा नवरा सुहास तोंडानं काही बोलला नाही. त्यानं नुसतं आत्यांकडं बघितलं.

त्यानंतर तो आमच्या उंबऱ्याला आला नाही. पोरीलाही येऊ दिलं नाही. शिवन्या अठरा वर्षांची झाली तेव्हा आपल्या आपण एसटीत बसून आजीला शोधत आली.

आणि आत्या? त्यांनी औषध बंद केलं नाही. "आलेल्याला न्हाई कसं म्हनू?" एवढंच म्हणत राहिल्या. पण खरं कारण मला दिसत होतं. बंद केलं असतं तर 'मीच मारली' हे कबूल केल्यासारखं झालं असतं. त्या द्यायच्या, आणि दिलेला प्रत्येक रोगी बरा झाल्याचा निरोप येईपर्यंत घास गिळायच्या नाहीत नीट. गरोदर बाई आली की मात्र हात जोडायच्या आणि मला हाक मारायच्या. मग मी तिला आमच्या गाडीत घालून थेट तालुक्याला नेऊन सोडायची. अशी जवळजवळ वीस वर्षं काढली आम्ही.

तर शिवन्या त्या दिवशी आली आणि तिनं माझ्या जेवणाच्या टेबलावर एक पारदर्शक चकती ठेवली. लाटलेल्या पुरीएवढी. म्हणाली, "मामी, हे यकृत आहे."

"कुणाचं?"

"कुणाचंही करता येतं."

मग तिनं सांगितलं ते असं. माणसाच्या बोटातून थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना उलट्या वाटेनं पार गर्भातल्या अवस्थेपर्यंत न्यायचं आणि तिथून त्यांना यकृत व्हायला शिकवायचं. ज्याचं रक्त, त्याचंच यकृत, त्याच खोडी, त्याच कमजोऱ्या. चकतीत केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांच्या कडेनं या पेशी वस्ती करतात आणि नळ्यांतून रक्ताऐवजी साखर-क्षारांचं पाणी फिरतं. त्या पेशी पित्त बनवतात, विष निस्तरतात, आणि आजारी पडल्या की त्यांच्यातून जी द्रव्यं गळतात ती बाजूचा सेन्सर मोजतो. काविळीचा 'ई' नावाचा विषाणू आत सोडला की चकतीलाही कावीळ होते. औषध आपण तोंडानं घेतो, ते आधी पोटात पचतं, म्हणून या चकतीच्या अलीकडं एक आतड्याची चकती जोडलेली असते. जे काम माणसांवर करायला दहा वर्षं लागली असती, त्याचा पहिला अंदाज महिन्याभरात येतो.

"आणि हे सगळं एका पाल्यासाठी?" मी विचारलं.

"पाल्यासाठीच तर. ज्याचं पेटंट मिळत नाही त्या पाल्याची चाचणी कुठली कंपनी करेल, मामी? आणि लोक तर पितातच. मग कुणीतरी बघायला नको?"

हे बाकी खरं होतं. तिचा पगार ज्यातून येतो तो 'परंपरागत औषध संशोधन निधी' याच भांडणातून निघाला होता. विधानसभेत एक बाजू ओरडत होती, झाडपाल्यावर करदात्यांचा पैसा कशाला? दुसरी बाजू ओरडत होती, पूर्वजांची परीक्षा घेणारे तुम्ही कोण? शेवटी दोघांनाही झोंबेल असा नियम झाला. औषध कुणाचंही असो, निकाल काहीही येवो, तो त्या गावच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा. पैसा लोकांचा, म्हणून निकाल लोकांसमोर.

माझं डोकंच सटकलं. "म्हणजे तुझी चकती मेली तर आजीला गावासमोर खुनी ठरवणार तुम्ही! अगं, तुझी आजी आहे ती!"

शिवन्यानं मान खाली घातली. "तसं होऊ शकतं मामी. मी खोटं नाही सांगणार."

आत्या मागे ओट्यापाशी घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. आम्हाला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "मारतंय का, ते कळंल त्यात?"

'बरं करतंय का', असं त्यांनी विचारलं नाही.

"कळेल आजी," शिवन्या म्हणाली.

"मग कर. पर बाटलीत भरून देनार न्हाई म्या. कुनाच्या हाती बी देनार न्हाई. रोग्यालाच देनार. तुजा रोगी हितं घेऊन ये. रविवारी, उपाशी. आनि नाव इचारायचं न्हाई."

नाव न विचारण्याची सोय नियमातच होती. यंत्राला पाला काय करतो हे बघायचं असतं, त्याचं नाव नको असतं. पण बाकीचं? शिवन्यानं बाहेर जाऊन तिच्या साहेबांना फोन लावला. साहेब बराच वेळ हसत असावेत, कारण ही नुसतीच "हो सर, हो सर" करत होती. परत आली आणि म्हणाली, "आणते."

रविवारी पहाटे विजेवरची पांढरी व्हॅन अंगणात आली. शिवन्यानं पेटी उतरवली आणि ओळीनं चकत्या मांडल्या.

"रोगी कुटं हायत?" आत्यांनी विचारलं.

"हेच, आजी. सगळ्यांना कावीळ झालीय. काल संध्याकाळपासून साखर बंद केलीय, उपाशी आहेत बिचारे."

"मग पूर्वंकडं तोंड करून बसव की."

"तोंड कुठंय त्यांना!" मी फिस्सकन हसले. पण शिवन्यानं अगदी शहाण्या पोरीसारखी प्रत्येक चकती फिरवली आणि जिथून औषध आत जातं ती नळी पूर्वेकडं केली. आत्यांचं समाधान झालं. मग दुधावरून अडलं. शिवन्याला नुसता रस हवा होता, आत्या दुधाशिवाय द्यायला तयार नव्हत्या. शेवटी पोरगी म्हणाली, "चालेल, आतड्याची चकती पचवेल दूध. पण आजी, अर्ध्या चकत्यांना नुसतं दूधच द्यायचं, पाला नाही. फरक कळायला."

"आगं, त्यांनी काय पाप केलंय?" आत्या खरंच कळवळल्या. "आलेल्याला न्हाई म्हनायचं न्हाई, पोरी."

"आजी, ते बरे व्हायला आलेले नाहीत. खरं सांगायला आलेत."

आत्यांनी मान हलवली, आणि एकेका चकतीत ड्रॉपरनं थेंब सोडू लागल्या. प्रत्येकीला "घे बाळा" म्हणत होत्या. मी हसू दाबत होते. शेवटच्या दोन चकत्यांशी आल्या तेव्हा शिवन्यानं त्यांचा हात धरला.

"आजी, आधी सांगते. या दोन माझ्या आहेत. माझ्या रक्ताच्या. आणि गरोदरपणी अंगात जे बदल होतात ते सगळे यांच्यात केलेत. एकीला पाला, एकीला नुसतं दूध."

आत्यांचा हात तिथंच थांबला. "रक्ताच्या मानसाला म्या देत न्हाई आता."

"मला काही होणार नाही. झालं तर चकतीला होईल. आजी, आईचं निम्मं यकृत माझ्यात आहे. दुसऱ्या कुणाच्या चकतीतून आईचं कळणार नाही."

"न्हाई, न्हाई. ही बी मेली तर?"

शिवन्यानं हात सोडला नाही. "तर कळेल. मला कळायला हवंय, आजी. घरात तिचा फोटो आहे आणि कुणी तिच्याबद्दल बोलत नाही. मी लहानपणापासून हेच ऐकत आलेय की कुणी काही बोलत नाही."

समोरच्या डोंगरावर उजाडायला लागलं होतं. सूर्य वर आला की त्या आठवड्यात औषध नाही. मी आतापर्यंत गप्प होते, आणि माझ्या जिभेला एवढा वेळ गप्प राहणं म्हणजे शिक्षा. मी पुढं झाले आणि आत्यांच्या मनगटाखाली हात दिला. "द्या आत्या. वीस वर्षं रोज थोडं थोडं मरताय तुम्ही, मी बघतेय. एकदाच काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे. मी आहे ना इथं."

थेंब पडला. या खेपेला त्या "घे बाळा" म्हणाल्या नाहीत. ड्रॉपर खाली ठेवला आणि आत निघून गेल्या.

निकाल येईपर्यंत औषध द्यायचं नाही, असाही निधीचा नियम होता. मला वाटलं, आत्या बिथरतील. छे! पुढच्या रविवारी दोघंजण आले, तर या अंगणात उभ्या राहून अगदी ठसक्यात सांगतात, "सरकारनं बंदी घातलीया, बाबांनो. जावा तालुक्याला, रक्त तपासा." इतक्या वर्षांत सरसकट 'नाही' म्हणायला त्यांना पहिल्यांदाच कारण मिळालं होतं. घरात येऊन पोटभर जेवल्या. मग निकाल अजून यायचाय हे आठवलं, आणि ताट घेऊन उठल्या.

महिना कसा गेला ते मलाच माहीत. निकाल लागल्याचं कळलं तसा मी शिवन्याला फोन केला. गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं.

"नाही सांगता येत, मामी. आधी ग्रामसभा."

"मला नुसतं हो-नाही सांग. आत्यांना घेऊन येऊ की घरातच ठेवू?"

"घेऊन या. आणि मामी, मी बाबांनाही बोलावलंय."

सुहासला कशाला? ज्या माणसानं वीस वर्षं एका नजरेनं बाईला जाळलं, त्याच्यासमोर? पण पोरीनं फोन ठेवून दिला होता.

ग्रामसभेला समाजमंदिर गच्च भरलं. आमचे सरपंच अधिकराव तर हारबीर आणून तयार होते. औषध 'पास' होणार, गावाचं नाव होणार, पाल्याची पाकिटं करून विकायची, असं त्यांचं सगळं ठरलेलं होतं. आत्या पहिल्या ओळीत सतरंजीवर बसल्या होत्या, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी शेजारी. सुरू व्हायच्या जरा आधी सुहास आला. केस पार पिकलेले. कुणाकडं न बघता दाराशीच बसला.

शिवन्यानं माइक घेतला. आधी चाचणी कशी केली ते सांगितलं. मग म्हणाली, "विषाणू असलेल्या यकृतांवर या औषधाचा चांगला परिणाम आढळला नाही. औषध दिलेल्या आणि नुसतं दूध दिलेल्या चकत्या सारख्याच वेगानं बऱ्या झाल्या."

सभेत कुजबुज झाली. अधिकरावांचा चेहरा उतरला. "फुडं वाच," आत्या मोठ्यानं म्हणाल्या.

"अपायही आढळला नाही. एकाही चकतीत नाही." शिवन्यानं पान उलटलं. "गरोदरपणातल्या दोन चकत्या होत्या. त्या दोन्ही मेल्या. पाला दिलेली आणि न दिलेली, दोन्ही एकाच दिवशी. त्यांना विषाणूनं मारलं. गरोदर बाईला ही कावीळ फार जोरात होते, आणि आमच्या घरात ती जास्तच जोरात होते. पाल्यानं काही केलं नाही."

"परत सांग," आत्या म्हणाल्या.

"पाल्यानं काही केलं नाही, आजी."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. ना बरं, ना वाईट."

आणि आत्या हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग खळखळून. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसतेय! मी त्यांना मिठीच मारली. काय सांगू, अंगावरून डोंगर उतरल्यागत झालं.

"अहो काकू!" अधिकराव हार हातात धरून उभेच. "गावाची नाचक्की झाली आणि तुम्ही हसताय? आणि मग आम्ही बरे कसे झालो? मला तर तुम्हीच उठवलं होतं!"

"ही कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, काका," शिवन्या म्हणाली. "पण चकती म्हणजे अख्खं माणूस नव्हे. म्हणून निधीचं म्हणणं एवढंच, की काविळीत आधी दवाखाना."

मागून कुणीतरी ओरडलं, "एवढा सरकारचा पैसा घालून 'काही नाही' हे शोधलंत होय?"

बस, मी उठले. "हो, हेच शोधलं! आणि माझ्या कराचा पैसा त्यात गेला असेल तर मला आनंद आहे. उद्या तुमच्या पोरीला कावीळ झाली तर रविवारची वाट बघत घरात ठेवणार नाही ना तिला? मग वसूल झाला तुमचा पैसा. बसा खाली!"

तो बसला. पण आत्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, माझा आधार घेत, सगळ्यांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "नाव सांगितलं की गुन जातो म्हनत्यात. आता जायाला गुनच न्हाई. तर ऐका. चिमणपाला! बांधावरचा चिमणपाला हाय त्यो!"

मग एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, माज्या शेळ्या रोज खात्यात की!" आणि सगळं समाजमंदिर हसण्यात बुडालं. अधिकरावसुद्धा हसले, काय करतात बिचारे. हार त्यांनी शेवटी शिवन्याच्या गळ्यात घातला.

लोक पांगायला लागले तेव्हा सुहास पुढं आला. आत्यांच्या समोर उभा राहिला. मला वाटलं, आता माफी मागणार. मी मनात चार तिखट वाक्यं तयारच ठेवली होती.

"आत्या," तो म्हणाला, "दुसऱ्या रविवारी ती आमच्या घरी होती. उठवत नव्हतं तिला. तुम्ही पाला वाटून माझ्या हाती दिला होता."

हे मला माहीत नव्हतं. आत्यांनी डोळे मिटले. "लेकीसाठी नेम मोडला म्या. मला वाटायचं, म्हनूनच औषध फिरलं."

"तिला नको होता तो. मळमळतंय म्हणत होती. मी म्हटलं, तुझ्या आईनं दिलाय, पी गप. मीच पाजला." "डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. माझ्याकडं कुणी बघू नये म्हणून."

माझी चार वाक्यं वायाच गेली. शिवन्या माइकची वायर गुंडाळत होती, ती तशीच हातात धरून बापाकडं बघत राहिली.

आत्यांनी वर हात नेऊन त्याच्या पिकल्या केसांवर ठेवला. "येवढी वर्सं एकट्यानं घेऊन बसला व्हता व्हय, सुहासराव? ऐकलं न्हवं पोरगी काय म्हनली? तुमच्या हातून काय बी झालं न्हाई. माज्या हातून बी न्हाई."

तो एवढा मोठा गडी तिथंच सतरंजीवर बसला आणि ढसाढसा रडला. आत्या त्याच्या शेजारी बसल्या. शिवन्या आली, मीही टेकले. वनिताला जाऊन वीस वर्षं होत आली होती, आणि आज पहिल्यांदा आमच्या घरातल्या कुणीही तिला मारलेलं नव्हतं.